पिल्लं घेताना आधी पारख, मग पैसे

मैत्रिणींनो, गटाचं कर्ज काढून मानोऱ्याच्या बाजारातून गिरिराज, वनराज नाहीतर गावठी कोंबडीची पिल्लं आणता ना? मग पैसे देण्याआधी प्रत्येक पिल्लू हातात घेऊन पाहा. पिल्लू मेलं तरी हप्ता थांबत नाही!

डोळे चमकदार आणि नाक कोरडं हवं. पाय सरळ हवेत. बेंबी सुकून मिटलेली असावी. ओली, लाल किंवा वास येणारी असेल तर पिल्लू जगणं कठीण. मागची पिसं विष्ठेनं चिकटली असतील तर हगवण समजा. पिल्लाला हलकेच पाठीवर ठेवा. निरोगी पिल्लू लगेच उठून उभं राहतं. टोपलीत एक जरी पंख पाडून पेंगत असेल, तोंड उघडून श्वास घेत असेल, तर बाकीची स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका.

पिल्लं किती दिवसांची, लस कोणती दिली, हे विचाराच. मरेक्सची लस पहिल्या दिवशी, मानमोडीची (राणीखेत) लासोटा ५ ते ७ दिवसांत, गंबोरोची साधारण १४व्या दिवशी देतात. राहिलेल्या लसीसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. घरी आणल्यावर निदान २ आठवडे ती जुन्या कोंबड्यांपासून वेगळी, उबेत ठेवा.