टाचांच्या भेगा आणि पावसाळ्यातल्या चिखल्या

आपल्या घरात केसांना तेल असते, तोंडाला पावडर असते, पायांसाठी मात्र काहीच नसते. खरे म्हणजे घर चालते ते पायांवरच! धुणीभांडी करणारी माउली, रस्ता झाडणारा भाऊ, नाक्यावर कामाची वाट पाहत उभी असलेली ताई यांच्या टाचा पाहाव्यात. भेगांतून रक्त येते, तरी ‘चालायचंच’ म्हणून सोडून देतात.

तथागतांनी असे सोडून दिले नव्हते. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांचा एक खंड आहे. पिलिंदवच्छ भिक्खूंचे पाय फुटले, तेव्हा भगवंतांनी पायांना तेल लावण्याची अनुज्ञा दिली आणि तेवढ्याने भागेना तेव्हा पायांसाठी औषध तयार करण्याचीही दिली. पायांची काळजी म्हणजे चैन नव्हे.

भेगांवर कोकणातले कोकमाचे तेल फार गुणकारी. कोकमाच्या बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळतात. वर तरंगणारे तेल काढून घेतात, ते थंड झाले की मेणासारखे घट्ट होते. गावाहून येणाऱ्यांना एक गोळा आणायला सांगावा, वर्षभर पुरतो. रात्री कामे आटोपल्यावर पाय दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावेत, वजरीने हलके घासावेत आणि पुसून घ्यावेत. मग पळीत थोडे तेल वितळवावे, कोमट झाले की भेगांत भरावे आणि वर जुने सुती मोजे घालावेत. एका रात्रीत गुण येत नाही, पंधरा दिवस नेमाने करावे. कोकम मिळत नसेल तर चार चमचे खोबरेलात एक चमचा मधमाशीचे मेण वितळवून मलम करावे. भेगेत चुना किंवा गाडीचे ग्रीस मात्र कधीही भरू नये. ब्लेडने कातडी कापणे तर त्याहून वाईट.

चिखल्यांचे उलट आहे. तिथे तेल नको, कोरडेपणा हवा. कामावरून आल्यावर पाय साबणाने धुऊन प्रत्येक बोटाची बेचकी फडक्याने टिपावी. मेंदीचा ताजा पाला वाटून लावण्याची जुनी रीत चांगली आहे. पाकिटातली काळी मेंदी मात्र वापरू नये, त्यातल्या रसायनाने कातडी भाजते. ओले बूट दुसऱ्या दिवशी तसेच घालू नयेत, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सुकवावेत.

आता सर्वांत महत्त्वाचे. ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी यातले काहीही स्वतःच्या मनाने करू नये. बाबासाहेबांनाही या आजाराने अखेरच्या काळात फार छळले. मधुमेहात पायांची जाणीव कमी होते, गरम पाण्याने भाजले तरी कळत नाही, खिळा रुतला तरी दुखत नाही. साधी जखम चिघळून पाय कापण्याची पाळी येते. अशा माणसाचे तळवे घरातल्या कोणीतरी रोज रात्री उजेडात पाहावेत. फोड, काळपट डाग, पाणी येणारी जखम दिसली की दुसऱ्याच दिवशी सरकारी किंवा पालिकेचा दवाखाना गाठावा. अंगावर बधिर चट्टा असेल किंवा पाय बधिर वाटत असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. करणी-नजरेच्या मागे लागून महिने घालवू नयेत.

पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालावे लागले तर डॉक्टरांना तसे सांगावे. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसने अनेक बळी घेतले. हे जंतू उंदरांच्या मुतातून पाण्यात येतात आणि भेगेतूनही शरीरात शिरतात. त्यावरची प्रतिबंधक गोळी वेळेत घ्यावी लागते.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्यांनी भेगांचा उपाय नोव्हेंबरच्या मध्यापासूनच सुरू करावा. रांगेत तासन्‌तास उभे राहायचे असते, म्हणून नवी चप्पल घालून निघू नये, पायात रुळलेली जुनीच घालावी.