वाहनांची भरती : अलिबाग

स्थलांतर : विजेच्या ट्रामगाड्यांमुळे मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय निरीक्षणांत व्यत्यय येईल, हे ओळखून १९०४ साली ज्या शांत गावी भूचुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली, तेच अलिबाग आज शनिवार-रविवारी मोटारींच्या रांगांनी वेढलेले दिसते.

सागरी वाट : मार्च २०२० मध्ये मुंबईतील भाऊचा धक्का ते अलिबागजवळील मांडवा ही मोटारी वाहून नेणारी रो-रो बोटसेवा सुरू झाली आणि एरवी पेणमार्गे वळसा घालणारी मोटार सुमारे तासाभरात समुद्र ओलांडू लागली, परंतु बोटीने वाचविलेला वेळ पुढे गावच्या अरुंद रस्त्यांवर जागा शोधण्यात खर्ची पडतो.

जागेचा हिशेब : एका मोटारीस उभे राहण्यास सुमारे साडेबारा चौरस मीटर जागा लागते, तेवढ्या जागेत मासळीच्या टोपल्या मांडून चार-पाच कोळणी सहज बसतात.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११७ अन्वये वाहनतळ ठरविण्याचा अखत्यार राज्य शासनास वा त्याने प्राधिकृत केलेल्या यंत्रणेस आहे, तर कलम १२२ अन्वये इतरांस धोका, अडथळा वा गैरसोय होईल अशा रीतीने वाहन उभे करण्यास मनाई आहे.

उपाय : अलिबागच्या समुद्रातील कुलाबा किल्ल्याकडे पायी जाणारा माणूस ज्याप्रमाणे ओहोटीची वेळ आधी विचारून घेतो, त्याचप्रमाणे प्रवाशाने वाहनतळाची चौकशी आधी करावी आणि मोटार गावाबाहेर ठेवून एस.टी. वा रिक्षा पत्करावी. समुद्राची भरती आपोआप ओसरते, वाहनांची मात्र आपणच ओसरवावी लागते.