पाच सूर आणि एक कवळी

आमच्या निमोण्याला पहाट झाल्याचे कळायचे ते आबांच्या ओसरीवरून. आबा मराठा लाइट इन्फंट्रीत बिगुलर होते. पेन्शनीवर आल्यावर त्यांनी कुठूनसा एक जुना बिगुल मिळवला आणि त्यावर रोज ‘रिव्हेली’ वाजवू लागले. पलटणीतले जवान उठायचे त्या इशाऱ्यावर आमच्या गावात चुली पेटायच्या.

तसा आमच्या मुलुखाला लष्कराचा शेजार जुना. शिरूर ही इंग्रजांची छावणी. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईला फौज इथूनच रातोरात चालत गेली.

बिगुलाला ना भोके, ना कळा. ओठ आवळून, सैल सोडून जेमतेम पाच सूर काढायचे आणि त्यांत पलटणीचा अख्खा दिवस बसवायचा: उठा, कवायतीला या, जेवण तयार आहे, सूर्यास्ताला निशाण उतरवताना ‘रिट्रीट’, रात्री दिवे मालवा. लाइट इन्फंट्रीचे शिपाई फौजेच्या पुढे विखरून लढायचे, त्यांना ढोलापेक्षा बिगुल सोयीचा. रेजिमेंटच्या बिल्ल्यावर तो आजही आहे.

‘लास्ट पोस्ट’ म्हटले की आपल्यापुढे तिरंग्यातली शवपेटी येते. आबा चिडायचे. ‘‘आरं, ती रडायची धून न्हाई. रातचं पहारं तपासून झालं, निवांत झोपा, एवढंच तिचं सांगणं.’’ मूळ अर्थ खरोखरच तो. अंत्यसंस्कारात ती नंतर आली.

पुढे मी बँकेत लागलो. आबांची पेन्शन माझ्याच शाखेत. एकदा ते कर्ज मागायला आले. कशाला, तर कवळीला! पुढचे दात गेले की ओठांचा टेकू जातो, बिगुल मुका होतो. त्यांचा पलटणीतला जोडीदार अंथरुणाला खिळला होता आणि मागे राहील त्याने ‘लास्ट पोस्ट’ वाजवायची, असा दोघांचा शब्द होता. आमच्या फॉर्मात म्हैस होती, विहीर होती, कवळी नव्हती. मी नियम सांगितला. खिशातून द्यावेत असे सुचले नाही. खरे म्हणजे सुचले, पण दिले नाहीत.

जोडीदार गेला. सरणापाशी आबांनी बिगुल तोंडाला लावला. नुसती हवा आली. दुसऱ्यांदाही तेच. मग त्यांनी बिगुल काखेत धरला, सावधान उभे राहिले आणि सगळी धून तोंडानेच म्हटली. बोळक्या तोंडाने. कोणी हसले नाही.

पुढच्या महिन्यात ते पेन्शनला आले, तेव्हा मी खुर्चीतून उठलो. त्यांनी नोटा मोजल्या, पासबुक बंडीत ठेवले आणि नेहमीसारखे विचारले, ‘‘आई बरी हाय न्हवं?’’