एकादशी, पछुआ आणि ऐंशी-दोनशे

पहाटे ४.००

जानेवारीत दुर्गाघाटावर गजर लावायची गरज पडत नाही. पंचगंगा घाटावर स्नानाला निघालेल्यांचं 'हर हर महादेव' खिडकीतून आत येतं आणि पाठोपाठ आईचा आवाज, "आज एकादशी आहे, बाहेर काही खाऊ नकोस." आमच्या भिंतीवरच्या दाते पंचांगात आज पौष वद्य एकादशी, खालच्या पानवाल्याच्या पंचांगात माघ कृष्ण. त्याचा महिना पौर्णिमेला संपतो, आमचा अमावास्येला. पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहूनही मराठी घरांनी हा हिशेब सोडलेला नाही. उपास मात्र दोघांचाही आजच, १८ जानेवारी २०२३ ला.

माझा धंदा यात्रेकरूंचे फोटो काढण्याचा. गंगापूजन, मुंजी, क्वचित एखादं लग्न. ज्यांना घरी परतल्यावर मावंद्याच्या पंगतीत अल्बम फिरवायचा असतो, ती माझी गिऱ्हाइकं. आज मात्र पुण्याच्या एका मासिकाचं काम आहे, आणि ते हवेत आहे.

पहाटे ५.१५

कमच्छाचं सेंट्रल हिंदू स्कूल. ॲनी बेझंट यांनी १८९८ साली सुरू केलेल्या कॉलेजाची ही जागा. पर्यटन विभागाच्या बलून महोत्सवाचा आज दुसरा दिवस, २० तारखेपर्यंत चालेल. पहिला महोत्सव २०२१ च्या नोव्हेंबरात देवदिवाळीच्या आठवड्यात झाला होता. तेव्हा सगळा खेळ गंगेपलीकडच्या डोमरीच्या रेतीवर होता. यंदा सकाळची उड्डाणं भर शहरातून आहेत, त्यामुळे शाळेच्या कुंपणाबाहेर दुधाच्या कॅनसकट सायकली थांबल्यात.

दव पडलेल्या गवतावर फुग्याचं कापड लांबच लांब अंथरलेलं. वेताची टोपली आडवी. आधी मोठ्या पंख्याने कापडात गार हवा भरतात, ते पोटभर फुगलं की मगच बर्नरची ज्योत आत सोडतात. घाई केली तर कापडाचं तोंड जळेल. पण आज पंखेच बंद आहेत, कारण धुकं. पायलटने एक लहानसा फुगा हातातून सोडला, तो कुठल्या दिशेला सरकतो ते मान वर करून पाहिलं आणि घड्याळाकडे बोट दाखवून पुन्हा कॉफी ओतून घेतली. बलूनला सुकाणू नसतं. खाली वारा एका दिशेचा, वर दुसऱ्या दिशेचा असतो. हव्या त्या थरात चढायचं किंवा उतरायचं, पायलटच्या हातात एवढंच.

ताटकळत उभं असताना मला नेहमी नादार आठवतो. पॅरिसच्या या फोटोग्राफरने १८५८ मध्ये बलूनमधून जगातला पहिला हवाई फोटो काढला. त्याआधी त्याच्या फोटोच्या काचा पुन्हा पुन्हा काळ्या पडत होत्या. दोष ना कॅमेऱ्यात होता ना हातात. बलूनमधून गळणारा गॅस त्याची रसायनं नासवत होता. आजच्या बलूनमध्ये तो गॅस नाही, साधी तापवलेली हवा आहे. पण बर्नर पेटला की ज्योतीच्या आसपासची हवा थरथरते आणि तिच्यातून काढलेला फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो. म्हणून बर्नर बंद असतानाच बटण दाबायचं.

सकाळी ७.४०

धुकं विरळ झालं. टोपली उभी राहिली, आम्ही आत चढलो, आणि पाय जमिनीवरून कधी सुटले ते कळलंच नाही. वाऱ्याबरोबरच जात असल्याने वारा लागत नाही. डोक्याला वरून ऊब, पायांना गारठा.

वारा पछुआ, म्हणजे पश्चिमेचा, सरळ गंगेकडे नेणारा. बनारसचे सगळे प्रसिद्ध फोटो नदीतून काढलेले आहेत : पायऱ्या, छत्र्या, शिखरं. या शहराची पाठ कोणी छापत नाही. ती आत्ता माझ्या खाली होती. पाण्याच्या काळ्या टाक्या, वाळत टाकलेल्या गोधड्या, खिचडीच्या सणाला (आपल्या संक्रांतीला) कटलेले आणि तारांवर अडकून राहिलेले पतंग. एका गच्चीवर एक आजोबा दात घासत होते. त्यांनी वर पाहिलं, ब्रश तोंडातच ठेवून नमस्कार केला.

मग एकदम पाणी. गंगा इथे उत्तरेकडे वळते आणि घाट पूर्वेकडे तोंड करून बसतात, त्यामुळे सकाळचं ऊन पहिल्यांदा त्यांच्यावर पडतं. डावीकडे दूरवर पंचगंगेचा उंचवटा आणि आलमगीर मशीद. तिच्या मनोऱ्यांना लोक 'माधवराव का धरहरा' म्हणत. एके काळी शहर वरून पाहायचं तर त्यांच्यावरच चढावं लागे. डळमळू लागलेले ते मनोरे जेम्स प्रिन्सेपने एकोणिसाव्या शतकात सावरले होते, आज ते नाहीत. शेजारी औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं बिंदुमाधवाचं देऊळ असणार, आणि त्यापलीकडे कुठेतरी आमची गच्ची.

असणार म्हणतोय, कारण मला ते वेगळं काढता आलं नाही. अंतर दोनेक किलोमीटर, गळ्यात २४-७० ची लेन्स. त्यात आमचं घर मोहरीएवढंही येत नव्हतं. या उंचीवरून पंचगंगा ओढून घ्यायची तर दोनशेची लेन्स हवी. ती महिनाभर लहुराबीरच्या एका दुकानात काचेआड पडून होती आणि मी मोलभाव उद्यावर ढकलत होतो.

रेतीवर नव्या टेंट सिटीच्या पांढऱ्या रांगा दिसल्या, पाच दिवसांपूर्वीच तिचं उद्घाटन झालंय. त्या ओलांडून आम्ही मोहरीच्या पिवळ्या शेताच्या बांधाला टेकलो. गुडघे वाकवा, कड्या धरा, एक धक्का, दुसरा धक्का, आणि टोपलीभोवती पोरांचं कोंडाळं.

सकाळी १०.१५

मालवीय पुलावरून परत. वर रस्ता, खाली रेल्वे, पूल १८८७ चा आणि गर्दी आजची. चौखंभ्यात मलइयो संपायच्या बेतात होतं. रात्रभर दवात ठेवलेल्या दुधाचा घुसळून काढलेला केशरी फेस. दूधच ते, तेव्हा उपासाला चालतं. निदान आईला तसं सांगता येतं.

दुपारी १२.३०

दुकान गल्लीत आहे. पुढे नवे कॅमेरे, मागे जुन्या लेन्सचं कपाट आणि दुरुस्तीचं टेबल. मुंबईच्या बोरा बाजारात दहा दुकानं फिरून भाव पाडता येतो. इथे ती सोय नाही. इथे वेळ काढावा लागतो.

"का गुरू, उड़ अइला?" मालकाने विचारलं. म्हणजे बातमी पोचली होती आणि माझी गरजही. मी पहिल्यांदा बॅटऱ्यांची चौकशी केली, मग मेमरी कार्डांची. त्याने कपाट उघडलं नाही. चहा मागवला.

शेवटी लेन्स माझ्या हातात आली. निकॉनची जुनी ८०-२०० एफ/२.८, दोन रिंगांचं मॉडेल, विटेसारखी जड. किंमत अडतीस हजार. मी पाठीमागचं झाकण काढलं, छिद्र पूर्ण उघडलं आणि मोबाइलची बॅटरी तिरकी मारून आत पाहिलं. पाती कोरडी, तेल नाही. झूमची रिंग सैल नाही. स्क्रूंच्या खाचा जशाच्या तशा, म्हणजे आजवर कोणी उघडलेली नाही. पण मागच्या बाजूच्या एका काचेच्या कडेला कोळ्याच्या पायाइतका बारीक धागा.

"फंगस आहे."

"फंगस नाही, नमी आहे. गंगाजीच्या काठावर माणसाच्या फुफ्फुसातही नमी असते."

मी चोवीस म्हणालो. त्याने लेन्स मखमलीच्या कापडात गुंडाळली. गुंडाळली, पण कपाटात ठेवली नाही. तेवढं मला पुरे होतं.

आता माझं हुकमी पान. या लेन्सच्या पोटात मोटर नाही. तिचा फोकस कॅमेऱ्यातली मोटर एका स्क्रूने फिरवते. निकॉनच्या साध्या डीएसएलआरमध्ये ती मोटर नसते आणि नव्या मिररलेसवर अडॅप्टर लावूनही हा स्क्रू फिरत नाही. म्हणजे काच अव्वल, पण फोकस हाताने करायचा. लग्नवाले सगळे मिररलेसकडे निघालेत. "माझ्यासारखे जुन्या बॉडीवाले शहरात किती उरलेत? मी गेलो की ही तुमच्या नातवालाच घ्यावी लागेल."

तो हसला. पान पुढे केलं. मी एकादशीचं कारण सांगून नको म्हणालो, तर त्याचा चेहराच बदलला. तोही उपाशी होता, पान नोकरासाठी मागवलेलं. "मग आज खोटं बोलायचं नाही," तो म्हणाला, "माझी खरेदी अठ्ठावीसची आहे." खरं असेल, नसेलही. एकादशीला बिलं कोण तपासतं? पण हा आकडा त्याने आपणहून तोंडातून काढला होता, आणि घासाघीस तिथेच संपते. साडेएकोणतीस, वर ७७ मिलीमीटरचा फिल्टर आणि हूड, धागा तो स्वतः काढून देणार. वीस आत्ता, उरलेले महाशिवरात्रीपर्यंत. आठ दिवसांत नापसंत पडली तर परत.

एका गंगापूजनाचे मी दीड हजार घेतो. म्हणजे वीस गंगापूजनं.

दुपारी ३.३०

त्यातलं पहिलं लगेच, पंचगंगेवर. सांगलीचे काका-काकू, प्रयागला वेणीदान करून आलेले. घाट पूर्वाभिमुख, त्यामुळे दुपार कलली की घरांची सावली पायऱ्यांवर उतरते आणि उजेड मरतो. २.८ ची लेन्स मला हवी होती ती यासाठी. बलूनने फक्त निमित्त पुरवलं. एरवी मी गुरुजींच्या खांद्याशी उभा राहतो आणि प्रत्येक अर्घ्याला ते माझ्यावर डोळे वटारतात. आज वीस पायऱ्या वर बसलो. दोनशेवर काकूंच्या ओंजळीतली दिव्याची वात, हिरव्या बांगड्या आणि काठ भिजू नये म्हणून काकांनी मागून धरलेला पदर, तिन्ही एका चौकटीत आले. काकांना कॅमेरा दिसला असता तर त्यांनी पदर सोडून ताठ उभं राहून पोझ दिली असती.

संध्याकाळी ६.१५

नावेतून डोमरीकडे. रेतीवर दोरांनी बांधलेले बलून, संगीताच्या तालावर बर्नर पेटतात आणि फुगे आतून उजळतात. उजेड सेकंद-दोन सेकंदांचा. अंधारात लेन्स फोकस शोधत घरघरत राहते, म्हणून मी फोकस हाताने लावून ठेवला आणि ज्योतीची वाट पाहिली. नाव डुलत असल्याने दहातले आठ फोटो गेले. दोन मासिकाला चालतील.

सकाळच्या टोपलीत उद्या दुसऱ्याचा नंबर आहे, मी विचारून पाहिलं.

रात्री १०.००

फोटो पुण्याला रवाना. आईने भगर पुढ्यात ठेवली आणि लेन्स उचलून पाहिली. "केवढ्याला?" मी वीस सांगितले. उरलेले साडेनऊ शिवरात्रीला सांगेन.

तेवढ्यात काकूंचा निरोप : फोटो फार छान आलेत, पण त्या मोठ्या फुग्यांसोबत आमचा एकही नाही. मागे एक लावून देता येईल का? आणि त्याचे वेगळे पैसे घेऊ नका हं. मी दोनशे लिहिले. उत्तर आलं, शंभर, आणि मावंद्याला नक्की यायचं.