रोजा पुढे ढकलता येतो, गोळी नाही

बारवी धरणाचं पाणी पिणाऱ्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यांत सध्या पहाटे सहरीसाठी दिवे लागतात. एखाद्या घरात क्षयाचा रुग्णही असतो. दोन महिन्यांत त्याचा खोकला थांबतो, वजन वाढतं आणि ‘गोळ्यांचं ईदनंतर पाहू’ असं ठरतं. जंतू मात्र संपलेले नसतात. उपचार किमान ६ महिन्यांचा. मध्येच सोडला तर औषधांना दाद न देणारा क्षय होऊ शकतो आणि तो घरच्यांनाही लागतो.

२०१२ पासून क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणं खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. २०१८ च्या अधिसूचनेने औषध दुकानदारही त्यात आले, टाळाटाळीला शिक्षाही आली. हा बडगा रुग्णावर नाही. नोंद झाली की मोफत औषध आणि निक्षय पोषण योजनेचे महिना १००० रुपये मिळतात. बदनामीच्या भीतीने नाव लपवलं, तर हे हुकतं.

आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. तरीही रोजा ठेवायचाच असेल, तर गोळ्यांची वेळ आधी डॉक्टरांना विचारून ठरवावी. आणि शेजारी कोणत्याही धर्माचा असो, त्याने एवढं जरूर विचारावं : आजची गोळी घेतली ना?