शहारा टिकला की शेवट गुंडाळला? मराठी भयवाचकांच्या मतांचा आढावा

मराठी समीक्षेनं भयकथेला ओसरीवरच बसवून ठेवलं. वाङ्मयाच्या इतिहासात तिच्या वाट्याला फार तर एखादा परिच्छेद येतो, अभ्यासक्रमात तेवढाही येत नाही. तरीही नारायण धारपांची पुस्तकं लेखकाच्या मागे आजही छापली जातात, वाचली जातात, त्यांच्यावर वाद झडतात. याचं श्रेय वाचकांचं आहे. भयकथेचा वाचक पुस्तक संपेपर्यंत गप्प बसत नाही. ‘सध्या काय चाललंय?’ एवढं विचारायचा अवकाश. ‘धारपांचं ग्रहण. निम्म्यावर आलोय, पुढचं काही सांगू नकोस,’ असं उत्तर येतं आणि पाठोपाठ त्या निम्म्या भागाचं परीक्षणही येतं. ‘सुरुवात जबरदस्त’, ‘मध्ये जरा लांबण लावलीय’, ‘काल दिवा लावून झोपलो’, ‘शेवट गुंडाळला’ ही त्या परीक्षणाची ठरलेली भाषा. या गप्पांतून मराठी भयसाहित्याची एक पक्की कसोटी घडत गेली आहे आणि ती गांभीर्यानं नोंदवायची वेळ आली आहे, असं मला मनापासून वाटतं. हा आढावा त्यासाठी.

वाचनालयातली परंपरा

हे बोलणं आजचं नाही. भयकथा वाढली ती दिवाळी अंकांत आणि दरमहा वर्गणी भरून पुस्तकं नेण्याच्या छोट्या वाचनालयांत. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’नं अद्भुत आणि गूढ कथांना हक्काची जागा दिली, ‘धनंजय’नं रहस्य-गूढ-विज्ञानकथांचा वाचक वर्षानुवर्षं सांभाळला. ही पुस्तकं विकत घेणाऱ्यांपेक्षा वाचनालयातून नेणारे किती तरी जास्त. त्यामुळे एकेक प्रत शेकडो हातांतून जायची आणि मतंही तिच्यावरच उमटायची. जुन्या वाचनालयातली धारपांची एखादी प्रत उघडून बघा. बांधणी सुटलेली, पानांचे कोपरे काळवंडलेले आणि मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेले शेरे: ‘रात्री वाचू नये’, त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘काही भीती वाटत नाही’, आणि त्याखाली तिसऱ्याचं ‘मग वाड्यात एकटे राहून वाचा’. पुस्तक खराब केल्याबद्दल ग्रंथपाल चिडायचे, ते योग्यच. पण एकमेकांना कधीही न भेटलेल्या तीन वाचकांचा वाद त्या पानावर रंगलेला असायचा. आणि तिसऱ्या शेऱ्यात एक नेमकं निरीक्षण दडलेलं आहे: भयकथा कुठे, केव्हा आणि कोणाच्या सोबतीत वाचली यावर तिचा परिणाम ठरतो.

धारप: वाडा, बदली आणि समर्थ

आजही अशा गप्पांत सर्वाधिक घेतलं जाणारं नाव नारायण धारपांचं. 1925 मध्ये जन्मलेले धारप 2008 मध्ये गेले. ‘लुचाई’, ‘ग्रहण’, ‘चेटकीण’, ‘शपथ’, ‘४४० चंदनवाडी’, ‘अनोळखी दिशा’ ही नावं त्यांचे वाचक पाढ्यासारखी म्हणतात. धारप का आवडतात, याची उत्तरं गोळा केली तर तीन गोष्टी पुन्हापुन्हा येतात. पहिली म्हणजे वातावरण. त्यांच्या कथेतलं घर आधी राहण्याजोगं वाटतं आणि मग हळूहळू राहण्याजोगं उरत नाही. दुसरी म्हणजे माणसं. नोकरदार, बदलीवर आलेली, वारशानं जुनी वास्तू मिळालेली, हिशेबी स्वभावाची ही साधी माणसं आहेत. ती घाबरली की वाचक घाबरतो, कारण ती उगाच घाबरणाऱ्यातली नाहीत. तिसरी म्हणजे भाषा. विशेषणांचा मारा न करता, एखादा सज्जन गृहस्थ झालेली हकिकत सांगतोय अशा सुरात धारप लिहितात.

मतभेद सुरू होतात ते ‘समर्थ’ आले की. अमानवी शक्तीशी झुंज देणारा हा सत्पुरुष धारपांच्या अनेक कथा-कादंबऱ्यांचा नायक आहे. वाचकांचा एक गट समर्थांवर जीव टाकतो. समर्थांचं पाऊल पडलं की हायसं वाटतं आणि ते हायसं वाटणं हाच कथेचा आनंद आहे, असं त्यांचं म्हणणं. दुसरा गट म्हणतो, समर्थ आले की भीती संपली, आता फक्त विधी किती पानं चालतो ते बघायचं. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात आणि त्याचं कारण आपल्या घरांत आहे. तिन्हीसांजेला ज्या वेळी मुलांना बाहेरच्या अंधाराची भीती घातली जायची, त्याच वेळी त्यांच्याकडून रामरक्षा आणि मारुतिस्तोत्रही म्हणवून घेतलं जायचं. भय आणि त्यावरचा उतारा आपल्याला एकाच वेळी शिकवला गेला. समर्थ हा त्या उताऱ्याचा कथेतला अवतार आहे. ज्यांच्या लहानपणी ती तिन्हीसांज होती त्यांना समर्थ हवेसे वाटतात. इंग्रजी भयकादंबऱ्यांवर वाढलेल्या वाचकाला मात्र शेवटी काही तरी कायमचं मोडलेलं हवं असतं. ‘शेवट गुंडाळला’ ही तक्रार पुष्कळदा इथून येते.

उसनवारीचा वाद

धारपांवरची दुसरी चर्चा अधिक तिखट असते. ‘लुचाई’च्या मागे स्टीफन किंगची 1975 ची ‘सालेम्स लॉट’ आहे, ‘शपथ’च्या मागे 1986 ची ‘इट’ आहे, हे मूळ पुस्तकं वाचलेल्यांच्या चटकन लक्षात येतं. काही जण तेवढ्यावर धारपांना मोडीत काढतात, काही जण ही गोष्ट कानाआड करतात. दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत.

एका कथेचा प्रवास जवळून पाहिला तर चित्र नीट दिसतं. किंगची ‘ग्रॅमा’ ही कथा 1984 ची. भाऊ पाय मोडून इस्पितळात, आई त्याच्याकडे गेलेली आणि अकरा वर्षांचा मुलगा घरात अंथरुणाला खिळलेल्या आजीसोबत एकटा. आजीची माया वाटायला हवी आणि वाटते ती दहशत, एवढ्या एका गोष्टीवर कथा उभी आहे. धारपांनी हा गाभा ‘आजी’ या कथेत मराठी घरात आणला. लहानपणी ऐकलेल्या धारपांच्या कथेचा ठसा घेऊन राही अनिल बर्वे यांनी ‘तुंबाड’ हा चित्रपट केला आणि 2018 मध्ये तो प्रदर्शित झाला. शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलेलं. जखमी भावाला घेऊन आई गेलेली आहे, बाहेर अखंड पाऊस आहे आणि साखळदंडात जखडलेल्या म्हातारीला भरवायची जबाबदारी लहानग्या विनायकवर आली आहे. प्रसंग तोच, पण आता त्यात कोकणातला जीर्ण वाडा आहे, पुरलेल्या धनाची हाव आहे, हस्तर नावाचा विस्मृतीत ढकललेला देव आहे. 2024 मध्ये हा चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त प्रेक्षक त्याला मिळाले.

खुद्द किंगनं ‘सालेम्स लॉट’ लिहिली ती ब्रॅम स्टोकरच्या 1897 च्या ‘ड्रॅक्युला’ला अमेरिकेतल्या एका लहान गावात आणून. भयकथा अशीच गावोगाव फिरते. प्रश्न राहतो तो श्रेयाचा आणि तिथे चोखंदळ वाचकांची मागणी रास्त आहे: नव्या आवृत्तीत मूळ कृतीचं नाव प्रस्तावनेत स्पष्ट यावं आणि धारपांनी त्यात काय बदललं, याची चर्चा व्हावी. त्यानं धारप लहान होणार नाहीत. उलट त्यांचं स्वतःचं काय आहे, ते नेमकं दिसेल.

मतकरी: उतारा नसलेली भीती

धारपांचं नाव निघालं की दुसऱ्या श्वासात रत्नाकर मतकरी येतात आणि ‘दोघांत मोठा कोण’ हा न संपणारा वाद सुरू होतो. 1938 ते 2020 असं आयुष्य लाभलेल्या मतकरींनी ‘लोककथा 78’ आणि ‘आरण्यक’सारखी नाटकं लिहिली, ‘अलबत्या गलबत्या’नं मुलांना हसवलं आणि त्याच लेखणीनं ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’, ‘कबंध’, ‘निजधाम’ असे गूढकथासंग्रहही दिले.

मतकरींच्या चाहत्यांचं म्हणणं असं, की धारप वाचताना भीती वाटते आणि मतकरी वाचून झाल्यावर. यात मोठं तथ्य आहे. मतकरींच्या कथेत बहुधा संकटाला धावून येणारा कोणी नसतो. संकट बाहेरून येतंच असं नाही. ते नवरा-बायकोच्या अबोल्यात, मुलाच्या हट्टात, म्हाताऱ्या माणसाच्या नकोसेपणात, मध्यमवर्गीय घराच्या दोन खोल्यांत आधीपासून बसलेलं असतं. नाटककाराचा हात त्यांना इथे उपयोगी पडला. प्रसंग नेमका कुठे तोडायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्याबद्दलची तक्रारही याच गुणातून येते. कलाटणीची सवय झाली, की चाणाक्ष वाचक शेवट आधीच हेरतो. म्हणून जाणते वाचक सांगतात, मतकरींचा संग्रह एका बैठकीत संपवू नका, दिवसाला एकच कथा वाचा. हा सल्ला मला फार मोलाचा वाटतो.

मातीतली भुतं आणि नवा वाचक

गेल्या काही वर्षांत हृषीकेश गुप्ते यांचं नाव या दोघांच्या बरोबरीनं घेतलं जातं. ‘अंधारवारी’, ‘दैत्यालय’, ‘घनगर्द’ आणि ‘हाकामारी’ ही त्यांची पुस्तकं आज सर्वाधिक सुचवली जातात. ‘दंशकाल’ ही कादंबरी तर भयकथेच्या चौकटीत मावतच नाही, तरी भयप्रेमी तिच्यावर हक्क सांगतात. गुप्त्यांच्या लेखनाची जमेची बाजू म्हणून वाचक बोलभाषेकडे आणि लोकसमजुतींकडे बोट दाखवतात. रात्री ओळखीच्या आवाजात दारातून हाक मारणारी आणि ओ देणाऱ्याचा जीव घेणारी हाकामारी अनेकांनी लहानपणी ऐकलेली असते. ती कादंबरीत भेटली, की भीतीबरोबर ओळखही जागी होते.

मुंजा, हडळ, खवीस, समंध, जखीण, झोटिंग, गिऱ्हा, चकवा, देवचार असा भरलेला गोतावळा आपल्याकडे आहे. सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो अशी श्रद्धा आहे. गोव्यात आणि तळकोकणात देवचारही असाच राखणदार मानला जातो. भीती आणि आधार एकाच आकृतीत असणं, हे आपल्या लोकपरंपरेचं खास बलस्थान आहे आणि कथाकारांनी ते अजून पुरतं वापरलेलं नाही. चिं. त्र्यं. खानोलकरांनी ‘कोंडुरा’त दैवी शक्तीच्या धाकाखाली चिरडलेला माणूस दाखवला. भयप्रेमींनी ती कादंबरी आपल्या यादीत आवर्जून घ्यावी. पडद्यावर आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’नं 2024 मध्ये कोकणातलं हे भूत देशभर पोचवलं.

तरुण वाचक, विशेषतः तरुण वाचकिणी, या गोतावळ्याकडे नव्या नजरेनं बघत आहेत. बाळंतपणात दगावलेली बाई हडळ होते, असं आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. त्या बाईला वेळेवर उपचार मिळाले नाहीत, तिची आबाळ झाली, ही खरी भीतीदायक गोष्ट कोणी सांगितली नाही. ‘हिचं काय झालं होतं ते आधी सांगा’ ही या वाचकिणींची मागणी मराठी भयकथेला पुढची वीस-पंचवीस वर्षं पुरेल एवढं बळ देणारी आहे.

भयकथा आणि अंधश्रद्धा

एक आक्षेप कायम घेतला जातो: असलं वाचून अंधश्रद्धा वाढते. ज्या महाराष्ट्रात भानामती आणि करणीच्या संशयानं माणसांचे हाल झाले, डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तिथे हा आक्षेप हलक्यानं घेता येणार नाही. अघोरी विधींचं कौतुक करणारं, कोणा एका जातीला किंवा एकट्या बाईला चेटकीण ठरवणारं लेखन वाचकांनी नाकारलंच पाहिजे. पण कथेत घाबरणं आणि जगण्यात बुवाच्या पायी लोळणं यांतला फरक वाचकाला चांगला कळतो. मतकरींचंच उदाहरण घ्या. हा गूढकथाकार ‘निर्भय बनो’ आणि नर्मदा बचाव आंदोलनांच्या बाजूनं उभा राहिला, ठाण्यातल्या वस्त्यांतल्या मुलांसाठी त्यानं ‘वंचितांचा रंगमंच’ उभारला. भीती कशी घडवली जाते हे ज्याला आतून कळतं, त्याला ती कोण, कशासाठी दाखवतंय हेही ओळखता येतं. चांगली भयकथा ही ओळख वाचकालाही देते.

ऐकणारे वाचक

2017 मध्ये स्टोरीटेल हे श्राव्य पुस्तकांचं ॲप भारतात आलं आणि मराठी भयकथा कानांनी वाचणारा वर्ग वाढला. दिवे मालवून, डोळे मिटून ऐकता येणं ही भयकथेसाठी मोठीच सोय. तोटा एवढाच, की भीतीची गती वाचकाच्या हातात राहत नाही. पुस्तकात आपण घाबरून थांबतो, मागचं पान पुन्हा बघतो. ऐकताना वाचणाऱ्याचा आवाज आपल्याला ओढत नेतो. काहींना तेच आवडतं. माझं मत विचाराल तर धारप ऐकावेत आणि मतकरी वाचावेत.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

या सगळ्या मतांचा मेळ घातला तर एक वाट दिसते. ‘अनोळखी दिशा’तल्या कथांनी सुरुवात करावी, मग ‘लुचाई’ घ्यावी आणि शक्य असेल तर शेजारी ‘सालेम्स लॉट’ ठेवावी. त्यानंतर ‘खेकडा’ हळूहळू वाचावा. मग ‘हाकामारी’ आणि ‘घनगर्द’. शेवटी ‘कोंडुरा’, म्हणजे भयाची हद्द किती दूर जाते ते कळेल.

आणि वाचल्यावर लिहावं. ‘जाम टरकलो’ ही दाद खरीच आहे, पण तिथे थांबू नये. कुठल्या पानावर अंगावर काटा आला, कुठे तो ओसरला, लेखकानं काय लपवलं आणि काय फार लवकर दाखवलं, हे चार ओळींत मांडता येतं. संपादकांनी अशा टिपणांना दिवाळी अंकात दोन पानं द्यावीत, प्रकाशकांनी प्रस्तावनांसह नेटक्या आवृत्त्या काढाव्यात, विद्यापीठांनी धारप-मतकरी अभ्यासाला लावावेत. पन्नास-साठ वर्षं एक साहित्यप्रकार निव्वळ तोंडी शिफारशीवर जगला. त्याच्या वाचकांची पारख किती बारीक आहे, याचा याहून मोठा पुरावा नको. ती पारख आता कागदावर उतरली, की मराठी भयकथेला स्वतःची समीक्षा मिळेल आणि पुढचा लेखक ‘शेवट गुंडाळण्या’पूर्वी दोनदा विचार करील.