संगणकी वस्तूंची कसोटी

ठाण्याच्या नौपाड्यांत गोखले रोडवरून किंवा राम मारुती रोडवरून जाणाऱ्या गृहस्थास सराफांचीं दुकानें नवीं नाहींत. पूर्वीं सराफ काळ्या दगडावर रेघ ओढून सोन्याचा कस पाही. आतां ग्राहक दागिन्यावर भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह, ९१६ हा शुद्धतेचा आंकडा आणि सहा अक्षरांचा ओळख-क्रमांक शोधतो. २३ जून २०२१ पासून हें हॉलमार्किंग टप्प्याटप्प्यानें सक्तीचें होत गेलें. त्या शिक्क्याचा अर्थ नेमका आहे. हजार भागांत ९१६ भाग सोनें आहे, एवढेंच तो सांगतो. माळेची कडी पक्की आहे कीं नाहीं, रात्रीं माळ कपाटांत ठेवली होती कीं खिडकींत, याविषयीं तो कांहींच बोलत नाहीं, आणि कोणी तशी अपेक्षाहि करीत नाहीं.

त्याच भागांतील एखाद्या गृहनिर्माण संस्थेची व्यवस्थापक समिति जिन्यांत व प्रवेशद्वारीं सी. सी. टी. व्ही. कॅमेरे बसवावयाचें ठरविते, तेव्हां मात्र हें तारतम्य सुटतें. ‘माल सर्टिफाइड आहे’ असें दुकानदार म्हणतो आणि समितीचें समाधान होतें. कशाबद्दल सर्टिफाइड, कोणीं तपासला, काय गृहीत धरून तपासला, हे प्रश्न निघतच नाहींत. वस्तुतः ते येथें अधिक निघावयास हवेत. कारण हल्लींचा कॅमेरा हा नुसता डोळा राहिला नसून आंतून एक लहानसा संगणक आहे, आणि तो इंटरनेटला जोडलेला असतो.

याचा प्रत्यय २०१६ सालीं जगास आला. ‘मिराई’ नांवाची एक उपद्रवी आज्ञावली तीन अमेरिकन तरुणांनीं रचली. ती इंटरनेटवर कॅमेरे व राउटर हुडकीत फिरे, आणि कारखान्यांतूनच घातलेलीं साठेक ठराविक नांवें व परवलीचे शब्द एकामागून एक लावून पाही. ज्यांच्या धन्यांनीं हे शब्द बदलले नव्हते तीं यंत्रें तिच्या ताब्यांत जात. अशा हजारों यंत्रांकडून त्या वर्षीं २१ ऑक्टोबरला अमेरिकेंतील ‘डिन’ या कंपनीवर मागण्यांचा असा भडिमार झाला कीं, ट्विटर व नेटफ्लिक्स यांसारखीं प्रख्यात स्थळें पुष्कळांना कित्येक तास उघडेनात. कॅमेऱ्यांच्या धन्यांना याची वार्ताहि नव्हती; पडद्यावर चित्र नेहमींप्रमाणेंच दिसत होतें.

दगडावर घासून यंत्राचा असा कस निघत नाहीं. चित्र स्वच्छ येतें कीं नाहीं हें ग्राहकास दिसतें. आंतलें कुलूप भरीव आहे कीं पोकळ, हें कळण्यास त्याच्याजवळ साधन नाहीं. उत्पादकाच्या शब्दावर विसंबावें, तर तो विकणारा पडला. सबब तिसऱ्या कोणी तरी तपासून लेखी द्यावें, ही गरज प्रथम लष्करास भासली. १९८३ सालीं अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें संगणक पारखण्याचे नियम पुस्तकरूपानें काढले. वेष्टनाच्या रंगावरून त्यास ‘ऑरेंज बुक’ हें नांव पडलें. १९९१ त युरोपीय राष्ट्रांनीं व १९९३ त कॅनडानें आपापले निराळे निकष प्रसिद्ध केले. परिणाम असा कीं, एकच वस्तु अनेक देशांत विकावयाची तर ती प्रत्येक ठिकाणीं नव्यानें परीक्षेस बसवावी लागे. गांवोगांवचा शेर निराळा असला म्हणजे व्यापाऱ्याची जी त्रेधा उडे तीच ही. अखेर या राष्ट्रांनीं आपले नियम एकत्र करून १९९६ त ‘कॉमन क्रायटेरिया’, म्हणजे सामायिक निकष, तयार केले आणि १९९९ त ते आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक १५४०८ म्हणून मान्य झाले. त्याची २०२२ ची आवृत्ति पांच भागांची आहे. एका सदस्य राष्ट्राचें प्रमाणपत्र इतरांनीं मानावें असा करारहि झाला. भारत सप्टेंबर २०१३ पासून त्या करारांत प्रमाणपत्र देणारें राष्ट्र आहे. हें काम केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाखालील एस. टी. क्यू. सी. संचालनालयाकडे असतें.

या परीक्षेची रीत शाळेंतील परीक्षेच्या उलट आहे. येथें प्रश्नपत्रिका बव्हंशीं परीक्षार्थीच लिहितो! उत्पादक प्रथम ‘सिक्युरिटी टार्गेट’ नांवाचा लेख तयार करतो. वस्तु कोणती, तिची आवृत्ति कितवी, कोणत्या धोक्यांपासून ती रक्षण करते आणि ती कोणत्या परिस्थितींत वापरली जाईल असें धरलें आहे, हें सारें त्यांत नमूद असतें. मान्यताप्राप्त प्रयोगशाळा त्या लेखाबरहुकूम वस्तु तपासते, तिचा अहवाल सरकारी संस्था पाहते आणि मग प्रमाणपत्र निघतें. परीक्षार्थ्यानें सोपे प्रश्न काढूं नयेत म्हणून एकेका जातीच्या वस्तूंसाठीं ‘प्रोटेक्शन प्रोफाइल’ नांवाच्या सामायिक प्रश्नपत्रिकाहि केल्या आहेत.

तपासणीच्या सात पायऱ्या असून त्यांना ई. ए. एल. १ ते ७ म्हणतात. जाहिरातींत हा आंकडा ठळक छापतात आणि वाचणारा त्यास गुणांचा आंकडा समजतो. तो तसा नव्हे. पायरी जितकी वरची तितकी तपासणी खोल. पहिल्या पायरीवर वरवरची, सातव्या पायरीवर रचनेची गणिती सिद्धता मागणारी. काय तपासलें हें मात्र त्या लेखांतच पाहावें लागतें. मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज २०००’ ला ऑक्टोबर २००२ मध्यें चौथ्या पायरीचें प्रमाणपत्र मिळालें. ज्या प्रोफाइलवर तें आधारलें होतें त्यांत वापरणारे लोक शत्रुत्व न बाळगणारे व नीट व्यवस्थेखालील आहेत, असें गृहीत धरलें होतें. पुढच्याच वर्षीं ऑगस्टांत ‘ब्लास्टर’ हा किडा इंटरनेटवरून असंख्य विंडोज यंत्रांत शिरला. इंटरनेटवर सारेच शेजारी सज्जन नसतात. प्रमाणपत्र खोटें नव्हतें. तें कोणी वाचलें नव्हतें.

याहून विचार करावयास लावणारें उदाहरण एस्टोनिया देशाचें आहे. तेथील नागरिकांच्या ओळखपत्रांत एक चिप असते आणि तिच्या साह्यानें ते संगणकावर कायदेशीर सही करतात. अशा सहीची किल्ली दोन प्रचंड मूळसंख्यांच्या गुणाकारापासून बनविलेली असते. गुणाकार सर्वांस दिसतो, पण त्यावरून मूळच्या दोन संख्या शोधून काढण्यास अपार काळ लागतो. सारी मदार त्यावर. या चिपमधील आज्ञावली वेळ वांचावा म्हणून त्या मूळसंख्या एका ठराविक सांच्यांतून काढीत असे. सांचा ओळखला कीं शोधण्याचें क्षेत्र एकदम आखूड होतें. झेक देशांतील मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांनीं तो ओळखला व २०१७ सालीं जाहीर केला. चिप जर्मनीच्या इन्फिनियन कंपनीची होती, आणि तिला सामायिक निकषांप्रमाणें पांचव्या पायरीच्याहि वरचें प्रमाणपत्र होतें. नोव्हेंबर २०१७ मध्यें एस्टोनियानें सुमारें साडेसात लाख ओळखपत्रांवरील किल्ल्या स्थगित केल्या व त्या नव्या पद्धतीच्या किल्ल्यांनीं बदलावयास लाविल्या. या देशाची लोकसंख्या तेरा लाखांच्या घरांत आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे प्रकरणाचें गांभीर्य कळतें. येथें लेख वाचूनहि दोष सांपडला नसता. तथापि तो सांपडल्यावर कोणत्या चिपांत, कोणत्या आवृत्तींत, कोणाकडे आहे हें शोधण्यास असल्या नोंदी उपयोगीं पडतात. नोंदच नसेल तेथें शोध कोठून सुरू करावयाचा?

आणि वस्तु निर्दोष असली तरी ती ज्या व्यवस्थेंत बसते ती निराळीच. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालची. ११ ऑगस्ट २०१८ रोजीं चोरट्यांनीं तिच्या ए. टी. एम. व्यवहारांस होकार देणाऱ्या यंत्रणेच्या जागीं स्वतःची खोटी यंत्रणा उभी केली. बनावट कार्डें घेऊन २८ देशांत माणसें उभीं होतीं. पैशाची मागणी बँकेपर्यंत न पोंचतांच खोटी यंत्रणा ‘द्या’ म्हणे. दोन दिवसांनीं, १३ ऑगस्टला, स्विफ्ट यंत्रणेमार्फत हाँगकाँगला आणखी रक्कम वळविण्यांत आली. एकूण सुमारें ९४ कोटि रुपये गेले. अशा वेळीं सुट्या यंत्राच्या प्रमाणपत्राकडे बोट दाखविण्यांत अर्थ नसतो. दरवाजा, कुलूप आणि पहारेकरी यांची परीक्षा वेगवेगळी असते.

कॅमेऱ्यांच्या बाबतींत भारत सरकारनें आतां निराळा मार्ग धरला आहे. पूर्वीं त्यांची सक्तीची नोंदणी मुख्यत्वें विजेचा धक्का व आग यांपासूनच्या सुरक्षिततेपुरती होती. ९ एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेनें तींत माहितीच्या सुरक्षिततेच्या अटी घातल्या व त्या वर्षभरानें, ९ एप्रिल २०२५ पासून, अंमलांत आल्या. ही कॉमन क्रायटेरियाची परीक्षा नव्हे. पण तिची धाकटी बहीण म्हणावयास हरकत नाहीं, आणि ती ऐच्छिक नाहीं. आंतील मंडलावर कारखानदारानें स्वतःच्या सोयीसाठीं ठेवलेले मार्ग बंद केले आहेत काय, नवी आज्ञावली स्वीकारण्यापूर्वीं यंत्र तिची सही पडताळतें काय, चित्र जाळ्यावरून जातांना सांकेतिक रूपांत जातें काय, अशा गोष्टी प्रयोगशाळेंत पाहतात.

तेव्हां समितीनें दुकानदाराकडून नोंदणीचा आर-क्रमांक मागून घ्यावा. मानक ब्यूरोच्या ‘बी. आय. एस. केअर’ ऍपवर तो घालतांच कारखानदाराचें नांव दिसतें. पेटीवर तेंच आहे कीं नाहीं, हें पाहण्यास दोन मिनिटें लागतात. ज्या वस्तूंस कॉमन क्रायटेरियाचें प्रमाणपत्र असतें त्यांची यादीहि सर्वांस खुली आहे. हीं प्रमाणपत्रें सामान्यतः पांच वर्षें चालतात. मुदत संपलीं म्हणजे तीं जुन्या यादींत जातात.

अधिसूचनेचा अंमल उत्पादन, आयात व विक्री यांवर आहे. जिन्यांत आधींच बसलेल्या कॅमेऱ्यांना ती शिवत नाहीं. त्यांचा परवलीचा शब्द कारखान्यांतून आला तोच आहे कीं बदलला, आणि बदलला असल्यास तो कोणाजवळ आहे, हें समितीच्या पुढील सभेंत विचारावें लागेल.